खेकड्यांवर घातलेला आळ

मी चौथी नापास माणूस. वाचता येतं, पण लिहायला बसलो की अक्षरं सुटलेल्या वासरांसारखी कुठेही जातात. तरी ही गोष्ट मीच लिहून राहिलो, कारण दुसऱ्याला सांगितली तर तो सुधारून लिहील, आणि सुधारून लिहिली की मी तिच्यात शहाणा दिसेन. तसा मी शहाणा आहेच. फक्त या गोष्टीत नव्हतो.

देवाने मला एका रविवारी दुपारी माफ केलं. ती माफी घ्यायला मला सात वर्षं लागली. मध्ये आणीबाणी आली आणि गेली, गावात वीज आली, माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या, पण मी अडून बसलो ते बसलो. कारण एकच. मी कोणाचं फुकट घेत नाही.

आमचं गाव साकोली आणि सानगडीच्या मध्ये. गावात ख्रिस्ती घरं सहा. मी आणि माझा शेजारी, आम्ही दोघांनी जवानीत एकाच दिवशी गावच्या तलावात बाप्तिस्मा घेतला. उन्हाळ्याचे दिवस, पाणी मांडीएवढं. पाद्रीसाहेबांनी शेजाऱ्याला आडवा करून बुडवला तर त्याचं पोट वरच राहिलं, म्हणून त्याला दोनदा बुडवावं लागलं. मला एकदाच पुरलं. हे मी त्याला नंतर ऐकवत राहिलो. तो हसायचा. त्याला राग येत नसे, आणि हीच त्याची सवय मला सगळ्यात जास्त चीड आणायची.

आमची घरं एकमेकांना लागून, आणि शेतंही. धानाच्या एकेका चौकोनी तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात, आणि भोवतीच्या मातीच्या बांधाला धुरा. तलावाचं पाणी आधी त्याच्या बांधीत यायचं, ती भरली की मग माझ्या. देवाने मला खालच्या अंगाला का ठेवलं, हे मी प्रार्थनेत एकदोनदा विचारलं होतं.

ती सत्तरच्या दशकातली गोष्ट. रोवणा झाला, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावून झाली, आणि पाऊस गायब. तलावाचं पाणी त्याच्या बांधीत कसंबसं पोचलं, माझ्या बांधीला भेगा पडायला लागल्या. आणि मी तर मंडळीत, म्हणजे प्रार्थनेला जमणाऱ्या आमच्या ख्रिस्ती लोकांत, सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो की औंदा माझं धान सगळ्यांच्या आधी हिरवं होणार. शेजारी धुऱ्यावर उभा राहून म्हणाला, "काहून गा, तुयं धान तर आताच तणीस दिसून राहिलं."

तणीस म्हणजे वाळलेलं गवत. जनावरं खातात ते.

दुसऱ्या दिवशी तो सानगडीच्या बाजाराला गेला. भर दुपारी, ऊन डोक्यावर, आजूबाजूला एक बगळा सोडून कोणी नाही. मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि त्याच्या धुऱ्याच्या बुडाशी खुपसली. आरपार. फिरवून भोक चांगलं गोल केलं. पाणी गुळगुळ करत माझ्या बांधीत यायला लागलं. तो आवाज मला कीर्तनासारखा गोड लागला. ख्रिस्ती माणसाने असं म्हणू नये, पण लागला.

सकाळी त्याची हाक आली. "अगा, धाव ना! माह्या बांधीतलं पाणी गेलं!"

मी सावकाश गेलो. वाकून भोक पाहिलं, बोट घालून पाहिलं, आणि डॉक्टरसारखा चेहरा केला.

"खेकडे," मी म्हटलं.

"खेकडे?"

"पाय ना, भोक कसं गोल हाये. खेकड्याबिगर कोण पाडन असं?"

तो बराच वेळ भोकाकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर खेकडेच असतीन."

त्या वर्षी त्याचं धान अर्धं झालं. आणि तो खेकड्यांच्या मागे लागला. सगळा पावसाळा हा माणूस एक काठी आणि टोपली घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरला. भोकात हात घालायचा, चिमटा बसला की बोंबलायचा, पण खेकडा सोडायचा नाही. दोनतीन वर्षांत तो असा तरबेज झाला की आसपासच्या गावांतून लोक त्याला धुरा दाखवायला बोलावून न्यायचे.

आणि दर चारआठ दिवसांनी तो माझ्या अंगणात उभा. हातात गंज, म्हणजे पातेलं. त्यात लालभडक रस्सा आणि रश्श्यातून वर आलेल्या नांग्या.

"घे गा. तुवा सांगतलं नसतं तर मले खेकडे कसे समजले असते? तुया अकलेचा वाटा."

मी काय म्हणणार? घ्यायचो. माझी बायको दोनदोनदा भात वाढून घ्यायची. "किती मोठ्या मनाचा माणूस हाये जी," ती म्हणायची. मी नांगी फोडता फोडता खाली पाहायचो. खेकड्याचे डोळे रांधल्यावरही बाहेरच असतात. ते माझ्याकडेच बघत.

शेवटी मला राहवेना. भोक पाडलं त्याच वर्षीच्या हिवाळ्यात एका रविवारी उपासना झाल्यावर पाद्रीसाहेब मोहाच्या झाडाखाली सायकलचं पंक्चर काढत होते. ते साकोलीहून सायकलने यायचे आणि आमच्या रस्त्यावर दर वेळी एक पंक्चर ठरलेलं. मी पाण्याचं घमेलं धरून बसलो होतो. ते ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा शोधत होते. त्यांचं भोक सापडेपर्यंत मी माझं सांगून टाकलं. सगळं. सब्बल, बगळा, खेकडे, रस्सा.

त्यांनी ट्यूब बाजूला ठेवली. आम्ही डोळे मिटून प्रार्थना केली. मी त्या वेळी रडलो नाही, घमेल्यातलं पाणी उडालं होतं.

"झालं," ते म्हणाले. "देवाने क्षमा केली."

"आन दंड?"

"दंड ख्रिस्ताने वधस्तंभावर भरला."

"माहा दंड? मले न इचारता?"

पाद्रीसाहेबांच्या हातून सोल्युशनची नळी पडली. हसू आवरून ते म्हणाले, "हो. तुला न विचारता. आता तुझं एकच काम राहिलं. शेजाऱ्याला सांग."

"देवाले सांगतलं ना जी. देव तर त्याच्याहून मोठा हाये."

"मोठा आहे म्हणून तर सोपं गेलं तुला," ते म्हणाले, आणि पंप मारायला लागले.

आता माझी बाजूही ऐका. माझा बाप हिंदूच होता, जातीचा पक्का. एकदा त्याची गाय गोठ्यात दाव्याचा फास लागून मेली. जातीच्या पंचांनी बापाला बाहेर टाकलं. बापाने तेच दावं गळ्यात अडकवून पाच गावं भीक मागितली, मग अख्ख्या जातीला जेवण घातलं, मग कुठे पंचांनी त्याच्या हातचं पाणी घेतलं. त्या दिवसापासून त्या गायीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं. चूक केली, दंड भरला, जेवण घातलं, मामला साफ. आणि इथे म्हणे पंक्चर काढता काढता माफ! अशी माफी टिकेल का? एका खिळ्यात हवा जायची.

म्हणून मी ठरवलं की दंड मीच लावतो, मीच भरतो. पुरा भरल्याशिवाय प्रभुभोजनाला हात लावणार नाही. आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं, भाकरीचे म्हणजे पावाचे बारीक तुकडे आणि काळ्या मनुका उकळून केलेला रस. ताट रांगेतून फिरायचं. आणि ताट फिरवणारा कोण? मंडळीने त्याच वर्षी पंच केला तो, माझा शेजारी. तो माझ्यासमोर ताट धरायचा, मी मान हलवायचो. तो थोडं थांबायचा. मग पुढे जायचा.

सात वर्षं असंच.

पहिला दंड म्हणून मी तंबाखू सोडला. चौथ्या दिवशी मी बैलांवर, कुंपणावर आणि पावसावर खेकसत होतो. महिन्याभराने बायकोने स्वतः तंबाखूची पुडी आणून माझ्यापुढे आपटली. "पाप तुमी कोणतं केलं मले मालूम नाही. पण दंड मी भरून राहिली. खा!"

मग मी चप्पल सोडली. लहानपणी बैलबंडीच्या चाकाखाली माझ्या डाव्या पायाची करंगळी गेली होती, त्यामुळे नऊ बोटांवर मी अनवाणी साकोलीला जाऊन आलो, पाच वेळा. पाचव्या वेळी काटा रुतला, पाय सुजला. शेजाऱ्याने मला बंडीत घालून दवाखान्यात नेलं आणि येताना रस्साही दिला. म्हणजे दंड भरायला गेलो आणि त्याचे उपकार वाढवून आलो.

मग दर शनिवारी प्रार्थनाघर झाडायला लागलो. तिथे झाडणारी म्हातारी तिसऱ्या शनिवारी झाडू घेऊन माझ्यावर धावली. "माह्या देवाचं घर, मी झाडते! तुले दुसरं पुण्य भेटलं नाही का कुठी?"

शेवटी बापाचं आठवलं. बैलाचं जुनं दावं गळ्यात घातलं आणि वरून सदरा. महिनाभर मी तसाच फिरलो. खाजवायचं फार. साकोलीत दाढी करायला बसलो आणि न्हाव्याने कॉलर खाली ओढली.

"भाऊ," तो दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला, "बैल बाहेर बांधला का?"

मंडळीत कुजबुज सुरू झाली. इतकी वर्षं हा माणूस प्रभुभोजन घेत नाही, म्हणजे काय केलं असेल? कोणी म्हणे दुसरी बायको आहे, पवनीकडे. कोणी म्हणे वाघ मारला नागझिऱ्यात. वाघाची बातमी मला आवडली, मी ती खोडून काढली नाही. दुसऱ्या बायकोची माझ्या बायकोने खोडून काढली. ती म्हणाली, "एकच पोसणं होत नाही त्याइले." आणि शेजारी? तो प्रार्थनासभेत उभा राहून मोठ्याने म्हणायचा, "हे प्रभू, माह्या या भावाच्या मनावर काय वझं हाये ते तुले मालूम हाये. ते उतरव." सगळे आमेन म्हणायचे. मी पण म्हणायचो, हळू.

तर सातवं वर्ष. रोवणा झाला होता, पाणी छान होतं. मी मनाशी हिशेब लावत होतो की दंड झाला का पुरा, आणि मला एकदम सुचलं. देवाचं ठीक. शेजाऱ्याचं मी बघतो आहे. पण खेकड्यांचं काय? ज्यांच्यावर मी खोटा आळ घातला, ज्यांची सात वर्षं त्या माणसाने माझ्यामुळे कत्तल केली, त्यांचा काय गुन्हा? आणि मी वरून त्यांचा रस्सा खाल्ला.

त्याच दिवशी शेजारी एक टोपली जिवंत खेकडे माझ्या अंगणात ठेवून गेला. "संध्याकाळी रांधू," म्हणाला.

मी टोपली उचलली, शेतात गेलो आणि ते सगळे खेकडे माझ्या बांधीत सोडले. हात जोडले. म्हटलं, "बाबांनो, चूक झाली. माफ करा. खा, प्या, रहा." एकानेही मागे वळून पाहिलं नाही. संध्याकाळी शेजाऱ्याला सांगितलं की टोपली कुत्र्याने सांडली.

पंधरा दिवसांत माझ्या धुऱ्याची चाळणी झाली. इकडचं भोक बुजवावं तर तिकडे दोन. पाणी सगळं खालच्या नाल्यात. भेगा पडायला लागल्या. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो, तर शेजारी काठी आणि टोपली घेऊन आला. न बोलावता.

तो वाकला, एक भोक पाहिलं, दुसरं पाहिलं.

"आता हे खरे खेकडे," तो म्हणाला.

मी एका भोकात चिखल दाबायला लागलो.

"पाय, खेकडा भोक पाडते तर तोंडावर मातीच्या गोळ्या टाकते. आन भोक वाकडं जाते. त्या साली माह्या धुऱ्याले होतं ते सरळ होतं. आरपार. अन् बाजूच्या गाऱ्यात पायाचा ठसा होता." तो माझ्या डाव्या पायाकडे बघत होता. "या गावात नऊ बोटाचा खेकडा एकच हाये."

माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. "तुले मालूम होतं? मंग सात वर्षं खेकडे काहून धरून राहिला होता?"

"तुवा तोंडावर सांगतलं. मी म्हणलं, आज कबूल करन, उद्या करन. तंवर खेकडेच धरू. मंग सवय लागली." तो खाली बसला. "चांगले लागतेत ना पण?"

"आन रस्सा?"

"रस्सा माफीचाच होता गा. पयल्या गंजापासून. तुवा खाल्ला, गंज चाटूनपुसून वापस केला. मले वाटलं, घेतली यानं माफी."

माझ्या डोक्यात घण पडला. म्हणजे मी तंबाखू सोडला, तळपाय फाडले, मानेला दावं घासून खरूज करून घेतली, आणि या सगळ्या वेळात मी भातावर ओतून माफीच खात होतो? नांग्यांसकट?

मला भयंकर राग आला. "मले इचारल्याबिगर मले माफ करणारा तू कोण?"

"केलं तर केलं."

"दंड सांग."

"नाही सांगत."

"सांग म्हणतो ना!"

"नाही."

मी त्याचा दंड धरला, त्याने माझा सदरा धरला, धुरा खेकड्यांनी पोखरलेला, तो खचला आणि आम्ही दोघं गाऱ्यात. चाळिशी उलटलेली दोन माणसं. त्याचं पोट वरच राहिलं होतं. आणि तिथेच, चिखलात पडल्या पडल्या, मी त्याला जन्मात पहिल्यांदा रागावलेला पाहिला.

"सात वर्षं मी गंज भरून भरून आणला," तो ओरडला, "तो काय सडका होता? दारी आलेलं अन्न कोणी वापस करते का? तुया बापानं कधी केलं होतं? दंड पायजे म्हणे! माह्या माफीत काय कमी पडलं तुले?"

दारी आलेलं ताट परत करणं म्हणजे आमच्याकडे देणाऱ्याच्या तोंडात मारणं. मी गरिबाघरचं अंबील कधी परत केलं नाही. आणि महिन्याच्या महिन्याला, सगळ्या मंडळीसमोर, मी मान हलवून ताट परत करत होतो. मला वाटायचं मी इमानदारी करून राहिलो.

मी तोंडातला गारा थुंकला. "भोक मीच पाडलं होतं," म्हटलं.

"मालूम हाये."

"तरी सांगतो."

"सांग ना मंग. कोण नाही म्हणते?"

मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्याने असं ऐकलं जसं काही पहिल्यांदाच ऐकतो आहे. मध्ये बगळ्याचं विचारलं. शेवटी म्हणाला, "सब्बल कोणती? तुयावाली का?"

"नाही. तुयावाली. तुया गोठ्यातून आणली होती."

त्याचा चेहरा पडला. "ते मातर मले मालूम नोयतं." तो उठून बसला, धोतर पिळायला लागला. "माह्या सब्बलीनं माहा धुरा? थांब बाबा. हे माफ कराले वेळ लागन."

"किती?"

त्याने विचार केला. "घरापर्यंत."

आम्ही चालत आलो. रस्ताभर तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या घराच्या ताटीपाशी थांबला, म्हणाला, "झालं. जेवून जा."

जेवलो.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी पहिल्या रांगेत बसलो. सदरा धुतलेला, गळ्यात काही नाही. पाद्रीसाहेबांनी भाकर मोडली. ताट घेऊन शेजारी रांगेतून यायला लागला. म्हातारीने घेतलं, माझ्या बायकोने घेतलं. तो माझ्यासमोर येऊन थांबला, नेहमीसारखा. आणि माझा हात मांडीवरून उठेना. सवय वाईट. मनात आलं, अजून एखादा महिना जाऊ द्यावा, थोडं काही भरून मग. सगळी मंडळी श्वास धरून बघत होती, वाघवाले, दुसऱ्या बायकोवाले, सगळे.

शेजारी वाकला आणि माझ्या कानात पुटपुटला, "घे ना गा. का वरतून रस्सा टाकू?"

मला हसू फुटलं. प्रार्थनाघरात, प्रभुभोजनाच्या वेळी, मोठ्याने. पाद्रीसाहेबांनी पुस्तकातून मान वर केली. म्हातारीने डोळे वटारले. आणि हसता हसताच माझा हात गेला आणि तुकडा उचलला. दातांखाली आला तेव्हा फिकाच लागला. मी चावून चावून खाल्ला.